अलास्का क्रूझ : आई-बाबांना नक्की कुठला ग्लेशियर दाखवावा?

रानजाई
नमस्कार मंडळी. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला येणार आहेत आणि त्यांना घेऊन अलास्का क्रूझ करायचं जवळजवळ ठरलंय. बाबा तरुणपणी गोमुखापर्यंत चालत गेले होते, गंगोत्रीची हिमनदी बघून आले, तेव्हापासून त्यांना बर्फाचं भारी वेड. पण आता आईचे गुडघे दुखतात, चढउतार अजिबात जमत नाही, त्यामुळे जहाजावर बसल्या बसल्या ग्लेशियर दिसणार असेल तर त्याहून चांगलं काय. प्रश्न असा आहे की परवडणाऱ्या दोन ट्रिपा आहेत, एक सिअ‍ॅटलहून निघते आणि तिच्यात एंडिकॉट आर्म नावाची अरुंद खाडी आहे, दुसरी व्हँकूवरहून, तिच्यात ग्लेशियर बे आहे पण ती माणशी बरीच महाग पडतेय. एजंट म्हणतो ग्लेशियर इथूनतिथून सारखेच, तुम्ही जहाज चांगलं बघा. खरंच तसं आहे का? बाल्कनी घ्यावी का, घेतली तर कुठल्या बाजूची, आई शुद्ध शाकाहारी आहे, व्हिसाचं काय, जे माहीत असेल ते सगळं सांगा, लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

मोगरा_७
वाचतेय. आमचंही पुढच्या वर्षीचं घाटतंय.

उत्तरा_सिअ‍ॅटल
रानजाई, सारखेच अजिबात नाहीत गं. मी विचारणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते की आधी ग्लेशियर ठरवा आणि मग तिथे जाणारं जहाज शोधा. स्विमिंग पूल, शो, बुफे हे सगळं कुठल्याही समुद्रातल्या जहाजावर मिळतं. अलास्काच्या वेळापत्रकात एका दिवसापुढे 'सीनिक क्रूझिंग' लिहिलेलं असतं, त्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही म्हणून लोकांना तो रिकामा दिवस वाटतो आणि ते आरामात उठतात. खरी ट्रिप म्हणजे तोच दिवस.

मी ग्लेशियर बे बद्दल लिहिते कारण तेच मला नीट माहितीय. १९२५ साली ही जागा राखीव जाहीर झाली, १९८० ला नॅशनल पार्क झालं, आणि आजही मोठी क्रूझ जहाजं दिवसाला जास्तीत जास्त दोनच आत सोडतात. परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत, मुख्यतः प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन, भाव चढा असण्याचं एक कारण हेही. सकाळी जहाज खाडीच्या तोंडाशी आलं की पार्कचं ठाणं असलेल्या बार्टलेट कोव्हहून एक छोटी बोट येऊन चिकटते आणि पार्कचे रेंजर शिडीवरून वर चढतात. मग दिवसभर ते जहाजावरच असतात, माइकवरून समोर दिसतंय त्याची माहिती देतात, डेकवर फिरून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, लहान मुलांना ज्युनियर रेंजरची वही देतात. एंडिकॉट आर्मला असं काही नसतं, तिथे जहाजावरचाच कोणी निसर्गतज्ज्ञ असला तर बोलतो, नाहीतर नाही.

आता खाडीबद्दल. तोंडापासून आतल्या टोकापर्यंत जवळजवळ १०० किमी अंतर आहे आणि ते सगळं सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फाखाली होतं. १७९४ मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन व्हँकूवरची माणसं इथून गेली तेव्हा खाडी अशी नव्हतीच, किनाऱ्याला थोडीशी खोबण आणि तिच्यामागे बर्फाची भिंत. १८७९ ला निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर बर्फ कितीतरी मैल आत सरकला होता आणि १९१६ पर्यंत पार टार इनलेट या खाडीच्या आतल्या फाट्याच्या टोकाला जाऊन पोचला. म्हणून सकाळी तोंडाशी दाट स्प्रूसचं जंगल दिसतं, मग जसजसं आत जाल तसतशी झाडं ठेंगणी होत जातात, मग आल्डरची झुडपं, मग नुसतं शेवाळ आणि शेवटी उघडा खडक. जी जमीन जितकी उशिरा बर्फाखालून मोकळी झाली तितकी तिथली झाडी कोवळी, इतकं सरळ आहे ते. विल्यम कूपर नावाच्या शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये इथे छोटे छोटे चौकोन आखून त्यात काय उगवतंय याची नोंद सुरू केली, तेच चौकोन अजून अभ्यासले जातात, आणि ही जागा राखीव व्हावी म्हणून झटणाऱ्यांतही तोच पुढे होता. बाबांना हे आधी सांगून ठेव, म्हणजे ते फक्त शेवटच्या ग्लेशियरची वाट बघत बसणार नाहीत, सकाळपासून काठाकडे बघतील.

शेवटी मार्जरी ग्लेशियर. रुंदी साधारण दीड किमी, मागे लांबी ३४ किमीच्या आसपास, पाण्याच्या वर अडीचशे फूट, म्हणजे मुंबईच्या राजाबाई टॉवरपेक्षा थोडाच कमी, आणि पाण्याखाली आणखी शंभरेक फूट. पण हे आकडे डोळ्यांना पटत नाहीत, कारण आजूबाजूला मोजायला झाड नाही की घर नाही. आधी बाजूच्या कड्यावरचे आणि बर्फाच्या पायथ्याशी उडणारे पांढरे पक्षी शोधा, किटिवेक म्हणतात त्यांना, समुद्रपक्ष्यांतलेच. ते दुर्बिणीतून ठिपक्याएवढे दिसले की मग त्या भिंतीची उंची अंगावर येते.

जहाज तिथे तासभर थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू फिरत राहतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं, बाल्कनी डावी की उजवी याचा घोर लावून घेऊ नकोस. तो तास डेकवर एका जागी उभं राहून काढा. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. मग कुठेतरी वरून साखर सांडावी तसा बर्फाचा भुगा घरंगळतो, तिथेच नजर ठेवायची, कारण बरेचदा त्याच जागेवरून पुढे मोठा तुकडा सुटतो. आधी भेग रुंदावते, मग अख्खा खांब उभाच्या उभा खाली बसतो, पाणी पांढरं होऊन वर येतं, आणि आवाज त्यानंतर पोचतो. त्या आवाजाला तिथले मूळचे त्लिंगिट लोक पांढरी गडगड म्हणतात. त्या मिनिटाला फोनच्या स्क्रीनमध्ये बघणाऱ्यांना काय मिळतं ते त्यांनाच ठाऊक, मला मात्र दरवेळी वाटतं की यांना हाताला धरून सांगावं, अहो नुसतं बघा ना.

शिडाची_होडी
उत्तराताई, आवाजावरून एक सांगतो, सेकंद मोजायचे. तुकडा पडताना दिसला की मोजायला लागा, प्रत्येक सेकंदाला साधारण ३४० मीटर. जहाज पाव सागरी मैलावर असेल तर सव्वा-दीड सेकंदात आवाज येतो, मैलभर लांब असेल तर पाच सेकंद लागतात. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि कॅप्टनने खरंच किती जवळ नेलंय तेही कळतं.

कृष्णाकाठ
इथे सगळे ग्लेशियर बे चंच कौतुक करतील, मी हबर्डच्या बाजूने लिहितो. आम्ही उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रिपला हबर्ड बघितला आणि तो नुसता आकारानेच माणसाला गप्प करतो. उत्तर अमेरिकेतला समुद्राला येऊन मिळणारा सगळ्यात मोठा ग्लेशियर आहे, लांबी १२२ किमी, सुरुवात कॅनडात आणि शेवट अलास्कात, समोरची भिंत सुमारे १० किमी रुंद. एका नजरेत मावत नाही, मान फिरवावी लागते. वरून खाली यायला बर्फाला साधारण ४०० वर्षं लागतात, म्हणजे आपल्यासमोर जो तुकडा समुद्रात पडतोय तो शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आगेमागे तिथल्या डोंगरांवर बर्फ म्हणून पडला असणार. माझ्या शेजारी बायको उभी होती, तिला हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

आणि दुसरी गोष्ट, तो पुढे येतोय. १८९५ ला पहिल्यांदा मोजणी झाली तेव्हापासून एकंदरीत पुढेच सरकतोय. १९८६ मध्ये तर त्याने शेजारच्या रसेल फियॉर्डचं (फियॉर्ड म्हणजे कड्यांमधली अरुंद खाडी) तोंडच बंद केलं, आत कोंडलेलं पाणी २५ मीटरने चढलं, सील आणि पॉरपॉइज आत अडकले, आणि ऑक्टोबरात तो बांध फुटला तेव्हा सगळं पाणी एका दमात बाहेर पडलं. २००२ मध्ये पुन्हा तसंच झालं. याकुटात गावच्या लोकांना याचीच भीती असते, कारण कधी तोंड कायमचं बंद झालं तर ते पाणी दुसऱ्या बाजूने सिटुक नदीत उतरेल आणि त्यांची मासेमारी त्या नदीवर आहे.

रानजाई, तुमच्या दोन पर्यायांत हबर्ड नाहीये हे मला कळतंय पण तारखा पक्क्या नसतील तर रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटीच्या वेळापत्रकात बघा, तिथे बरेचदा असतो.

मोगरा_७
सगळे ग्लेशियर वितळतायत असं आपण वाचतो, मग हा एकटा पुढे कसा काय येतोय? खरंच विचारतेय, मुलगा शाळेत हाच विषय करतोय.

दगडधोंडे
मोगरा, छान प्रश्न. माझा अभ्यासाचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समुद्रात उतरणाऱ्या ग्लेशियरचं गणित डोंगरातल्या ग्लेशियरसारखं सरळ नसतं. तो पुढे येताना आपल्या तोंडापुढे दगडमातीचा ढीग ढकलत आणतो, तो ढीग पाण्याखाली बांधासारखा त्याला टेकू देतो आणि खोल पाण्यापासून वाचवतो. जोवर तो त्या बांधावर बसलाय तोवर सावकाश पुढे येऊ शकतो. एकदा का त्या बांधावरून मागे घसरला की तोंड खोल पाण्यात येतं, बर्फ झपाट्याने तुटायला लागतो आणि तो किलोमीटरच्या किलोमीटर मागे पळतो, पुढचा टेकू मिळेपर्यंत. ग्लेशियर बे मधला तो १०० किमीचा पळ बराचसा असाच झाला, छोटं हिमयुग (काही शतकांचा थंडीचा काळ) संपताना सुरू झाला, म्हणजे कारखान्यांचा धूर वाढायच्या आधीच. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण त्या एका उदाहरणावरून काही लोक म्हणतात बघा, माणसाचा काही संबंध नाही. तसं नाहीये. अलास्कातले बहुतेक सगळे ग्लेशियर आज पातळ होतायत, जमिनीवर संपणारे तर हमखास, आणि त्याला तापमानवाढच कारणीभूत आहे. हबर्ड टिकून आहे कारण त्याचा वरचा, बर्फ साठणारा भाग प्रचंड मोठा आणि खूप उंचावर आहे, खाली जेवढं तुटतं त्यापेक्षा वरून भरती जास्त होते. मुलाला सांगा, ग्लेशियर म्हणजे जमाखर्चाची वही, वर जमा आणि खाली खर्च.

रानजाईंच्या बाबांसाठी खास. गंगोत्रीची हिमनदी साधारण ३० किमी लांब, मार्जरीही जवळपास तेवढाच. पण गोमुख ४००० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि मार्जरीचं तोंड समुद्रसपाटीला. मार्जरीच्या मागे फेअरवेदरची रांग आहे, तिचं शिखर ४६७१ मीटर, आणि ते समुद्रापासून इतकं जवळ आहे की अलास्काच्या आखातातून येणारी ओली हवा सरळ त्या भिंतीवर आपटते आणि वर अतोनात बर्फ पडतो. उत्तरेचा थंडावा आणि एवढा बर्फ, त्यामुळे तो वितळून संपायच्या आत खाली समुद्रापर्यंत पोचतो. गोमुखाला आपण नदीचा उगम बघतो, दगडगोट्यांनी झाकलेला मळकट बर्फ आणि त्यातून फुटणारी भागीरथी. इथे नदी दिसतच नाही, बर्फच समुद्रात पडतो. मार्जरीच्या बाजूलाच ग्रँड पॅसिफिक नावाचा ग्लेशियर आहे, ज्याने ही सगळी खाडी कोरली तो हाच, आता तो दगडमातीने इतका झाकलाय की लोकांना डोंगराची घसरण वाटते आणि ते पाठ फिरवतात. बाबा मात्र ओळखतील, त्यांना तोच गंगोत्रीच्या जास्त जवळचा वाटेल.

निळ्या रंगाचंही लिहून टाकतो. बर्फ वर्षानुवर्षं दाबला गेला की त्यातली हवा बरीचशी निघून जाते, मग प्रकाश आत खोलवर जातो, तांबडा भाग बर्फ शोषून घेतो आणि निळा परत बाहेर येतो. नुकत्याच तुटलेल्या भागाला सगळ्यात गडद निळं दिसतं. म्हणून ढगाळ दिवस मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका, उन्हाची तिरीप नसते तेव्हा तो निळा जास्त उठून दिसतो.

रानजाई
दगडधोंडे दादा, बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले त्या ग्रँड पॅसिफिकबद्दल आणखी काही असेल तर विचार. आणि कृष्णाकाठ, हबर्डने मला गोंधळात टाकलंय आता.

सह्यवारा
एंडिकॉट आर्मबद्दल अनुभव लिहितो, म्हणजे दोन्ही बाजू कळतील. आमच्या ट्रिपमध्ये ट्रेसी आर्म, म्हणजे एंडिकॉटच्या शेजारचीच खाडी, लिहिलेलं होतं. आदल्या रात्री कळलं की बर्फ फार वाहून आलाय म्हणून एंडिकॉटला जाणार, आणि एंडिकॉटलाही धुकं होतं म्हणून जहाज तोंडाजवळूनच वळलं, तिथला डॉझ ग्लेशियर दिसलाच नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कॅप्टनने केलं ते सुरक्षेसाठीच. पण तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मार्ग कधीही बदलू शकतो, त्याचे पैसे परत मिळत नाहीत, आणि बुकिंग करताना हे आम्हाला कोणीही तोंडाने सांगितलं नाही. माझ्या म्हाताऱ्या काकू होत्या बरोबर, त्या दिवसभर काचेला नाक लावून बसल्या होत्या. फार वाईट वाटलं हो.

एक मात्र, हे दोन्ही फियॉर्ड अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यावरून धबधबे, आणि हवा चांगली असेल तर नुसता तो प्रवासही डोळ्यांचं पारणं फेडतो. तिथे जहाजावरून छोट्या बोटीत उतरवून ग्लेशियरच्या बरंच जवळ नेणारी जादाची सहल मिळते, मोठं जहाज जिथे थांबतं तिथून पुढे ती बोट जाते. आईंना बोटीत चढता-उतरता येणार असेल तर विचार करा.

दगडधोंडे
सह्यवारा, ट्रेसी आर्मचं नाव निघालं म्हणून सांगतो, १० ऑगस्ट २०२५ ला पहाटे तिथे साउथ सॉयर ग्लेशियरच्या जवळ डोंगराचा मोठा भाग समुद्रात कोसळला आणि प्रचंड लाट उठली, समोरच्या कड्यावर कित्येकशे मीटर उंचीपर्यंत झाडी धुऊन निघाली. पहाटेची वेळ, फियॉर्डात मोठं जहाज नव्हतं. ग्लेशियर मागे हटला की ज्या डोंगराला तो इतकी वर्षं टेकू देत होता तो उघडा पडतो, हे त्याचं मूळ. १९५८ ला अलास्कातल्याच लितुया बेमध्येही दरड कोसळूनच ५२४ मीटरपर्यंत पाणी चढलं होतं. घाबरवायला लिहीत नाहीये, पण वेळापत्रकात ट्रेसी आर्म दिसलं तर जहाज सध्या नक्की तिथे जातंय का हे कंपनीला विचारूनच पैसे भरा.

बाबांसाठी : ग्रँड पॅसिफिकचं वरचं अंग कॅनडात आहे. तो एकेकाळी मागे हटत सरहद्दीपलीकडे गेला होता, नंतर पुन्हा पुढे आला. आज त्याचं तोंड जवळजवळ जमिनीवरच आहे.

पाणवठा
सगळं वाचलं. मला थोडं वेगळं मांडायचंय आणि कोणाला दुखवायचा हेतू नाही. हजारो माणसं भरलेली जहाजं तेल जाळत जाळत वितळता बर्फ बघायला नेणं मला पटत नाही. जुनो गावची वस्ती बत्तीसेक हजार, तिथे २०२३ मध्ये क्रूझचे १६ लाखांवर प्रवासी उतरले. गावकऱ्यांनी ओरड केली तेव्हा दिवसाला पाच मोठी जहाजं अशी मर्यादा आली, आणि २०२६ पासून दिवसाला १६,००० प्रवासी, शनिवारी १२,०००. हबर्डसमोर सील बर्फाच्या तुकड्यांवर पिल्लं घालतात, जहाज ५०० मीटरच्या आत आलं की ते पाण्यात उड्या टाकण्याचं प्रमाण वाढतं हे अभ्यासात दिसलंय. गार पाण्यात पिल्लाला पुन्हा पुन्हा उतरावं लागलं तर ते तग कसं धरणार? आपण तिथे जाऊन आनंद घ्यायचा आणि त्यांनी सोसायचं, याचा विचार नको का करायला?

उत्तरा_सिअ‍ॅटल
पाणवठा, विचार करायलाच हवा, आणि म्हणूनच मी ग्लेशियर बे सुचवते. तिथे दोन जहाजांची मर्यादा नुसती कागदावर नाही, खरोखर पाळली जाते. जॉन्स हॉपकिन्स इनलेट या खाडीच्या फाट्यात सील पिल्लं घालतात म्हणून मे ते ऑगस्ट क्रूझ जहाजांना तिथे बंदी असते. देवमाशांच्या भागात वेग १३ नॉटवर आणतात. त्यामागची गोष्ट बार्टलेट कोव्हला बघायला मिळते, २००१ मध्ये एका क्रूझ जहाजाच्या धडकेने स्नो नावाची गाभण हंपबॅक मेली, तिचा ४५ फुटी सांगाडा तिथे उभा केलाय. शास्त्रज्ञ तिला तिच्या शेपटीवरच्या खुणांवरून १९७५ पासून ओळखत होते. क्रूझच्या प्रवाशांना तिथे उतरता येत नाही, पण रेंजर तिच्याबद्दल सांगतात, न सांगितलं तर विचारा. मला वाटतं जिथे नियम कडक आहेत तिथेच जावं, त्यासाठी जास्त पैसे पडले तरी.

पाणवठा
हे पटलं. निदान नियम असलेल्या ठिकाणी जा, एवढंच माझं म्हणणं.

माजघर
मला त्या भागातल्या माणसांबद्दल लिहायचंय, ते राहूनच जातं. ग्लेशियर बे हे हूना त्लिंगिट लोकांचं घर. सतराव्या-अठराव्या शतकात बर्फ पुढे आला आणि त्यांची गावं गिळली, त्यांना खाडी सोडून पलीकडे हूनाला जावं लागलं. बर्फ हटल्यावर परत येतील तर मध्ये पार्क झालेलं, त्यांच्या शिकारीवर, अंडी गोळा करण्यावर बंधनं. कितीतरी वर्षांच्या भांडणानंतर आणि बोलण्यांनंतर २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं सामाईक घर पुन्हा उभं राहिलं, कोरलेल्या देवदाराच्या फळ्यांचं. तुमचं जहाज आयसी स्ट्रेट पॉइंटला थांबणार असेल तर ते हूनाच, ते बंदर तिथल्याच लोकांच्या कंपनीचं आहे. तिथे एखादी वस्तू घ्यायची असेल तर तिथल्या माणसांनी बनवलेली घ्या.

शिडाची_होडी
आता कामाचं, रानजाईने विचारलेलं.

व्हिसा : आई-बाबांकडे अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा लागेल, दोन्ही ट्रिपांना. व्हँकूवरचं उघड आहे, पण सिअ‍ॅटलहून निघणारं जहाजही व्हिक्टोरियासारख्या कॅनडातल्या एखाद्या बंदराला थांबतंच, कारण परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या कायद्याने मध्ये एक परदेशी बंदर घ्यावं लागतं. तिथे उतरायचं नसलं तरी कागद लागतात आणि नसले तर चढूच देत नाहीत. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला कॅनडाचा व्हिसा नको, आई-बाबांना हवाच. अर्ज खूप आधी करा.

बाल्कनी : आईंसाठी घ्या. गुडघे दुखत असतील तर शाल पांघरून खुर्चीत बसून बघता येतं, थंडी वाजली की आत. रेंजरचं बोलणं बऱ्याच जहाजांवर केबिनमधल्या टीव्हीवरही लागतं. पण मार्जरीसमोरचा तास मात्र सगळ्यांनी वर जा, काही जहाजं त्या दिवशी पुढचा नाकाडाचा डेक एरवी बंद असतो तो उघडतात, तिथे लवकर जाऊन उभं राहा. लिफ्टपासून जवळची केबिन मागा.

कपडे : जुलैतही बर्फासमोर वारा झोंबतो, ग्लेशियरवरून थंड हवा खाली घसरत येते. कानटोपी, हातमोजे, वरून पाऊस न लागणारं जाकीट. छत्री नको, वाऱ्यात उलटते.

दुर्बीण : प्रत्येकाला एक. आठ पट वाढवणारी पुरते, त्याहून मोठी घेतली तर हात हलतो.

माजघर
जेवणाचं मी सांगते. शाकाहारी असल्याचं बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायचं आणि पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला भेटायचं, बऱ्याच जहाजांवर स्वयंपाकघरात भारतीय माणसं असतात, वरण-भात, भाजी, पोळीसारखं काहीतरी आदल्या दिवशी सांगितलं की करून देतात. हॉलंड अमेरिकावर ग्लेशियरच्या दिवशी डेकवर गरमागरम वाटाण्याचं सूप वाटतात, फार छान वाटतं त्या थंडीत, पण त्यात बरेचदा डुकराचं मांस असतं, म्हणून आईंनी विचारल्याशिवाय घेऊ नये. चकली, मेथीचे लाडू सोबत असू द्या. फक्त बंदरावर उतरताना खाण्याचे पदार्थ बाहेर नेऊ नका.

कृष्णाकाठ
जुनोला मेंडेनहॉल बघाच, बसने अर्ध्या तासात पोचता, सपाट रस्ता आहे, आईंना त्रास नाही. तो समुद्राला मिळत नाही, त्याच्यासमोर तळं आहे, आणि दरवर्षी तो मागे जातोय. त्याच्या बाजूच्या एका खोबणीत पाणी साठून ऑगस्टात अचानक फुटतं, २०२३ ला नदीकाठची घरं वाहून गेली, २०२४ आणि २०२५ ला पाणी आणखी चढलं. ऑगस्टात जाणार असाल तर त्या दिवसांची बातमी बघून निघा.

सह्यवारा
आणि क्रूझचं बजेट बसतच नसेल त्या वाचकांसाठी, अँकरेजहून गाडीने व्हिटियर किंवा सीवर्डला जाऊन दिवसभराच्या बोटीनेही समुद्रातले ग्लेशियर दिसतात. व्हिटियरला जाताना अडीच मैलांचा एकेरी बोगदा आहे, त्यातून आगगाडी आणि मोटारी आळीपाळीने जातात, वेळ बघून निघावं लागतं. छोटी बोट असल्याने बर्फाचे तुकडे हाताच्या अंतरावरून जातात आणि त्यांतून चुरचुर आवाज येत राहतो, आत अडकलेली जुनी हवा फुटून बाहेर पडते त्याचा. मोठ्या जहाजाच्या वरच्या डेकवरून तो ऐकू येत नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरात बसून ठरवलं, ग्लेशियर बे. बाकी खर्च कमी करू, शॉपिंग नाही, महागड्या सहली नाहीत. बाल्कनीही घेतेय. बाबांनी जॉन्स हॉपकिन्सचं वाचून विचारलंय की सप्टेंबरात गेलो तर तोही दिसेल का? आणि सप्टेंबरात पाऊस फार असतो म्हणतात, मग ऑगस्ट बरा की सप्टेंबर?

उत्तरा_सिअ‍ॅटल
सप्टेंबरपासून जहाजांना आत जायची परवानगी असते, पण बर्फ किती वाहून आलाय ते बघून कॅप्टन आणि जहाजाला वाट दाखवणारा पायलट ठरवतात, जाईलच असं नाही. गेलं तर समोर उघडी खिंड आणि दोन्ही अंगांनी उतरणारे ग्लेशियर असं दृश्य आहे. पाऊस मात्र सप्टेंबरात नक्की जास्त, दिवसही लहान, समुद्रही थोडा खवळलेला. आईंचा विचार केला तर मी ऑगस्टचा शेवटचा आठवडा टाळून सप्टेंबरचा पहिला घेईन, तेव्हा अजून हवा फार बिघडलेली नसते आणि शाळा सुरू झाल्याने भावही थोडे उतरतात. पैसे भरायच्या आधी पार्कच्या साइटवर जा, तिथे कुठल्या तारखेला कुठलं जहाज आत येणार त्याची यादी असते, तुमच्या जहाजाचं नाव त्या तारखेला आहे ना ते बघ आणि मगच एजंटला हो म्हण.

रानजाई
यादी बघितली ताई, नाव आहे. आज दुपारी कॅनडाच्या व्हिसाचे फॉर्म भरायला बसतेय.